सुमेरमधलं रोजचं जगणं कसं बदलत गेलं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुमेरचा विषय निघाला की गप्पा झिगुरात (पायऱ्यापायऱ्यांनी उंच होत जाणारे देवळांचे चौथरे) आणि राजांच्या थडग्यांकडे वळतात. या पानावर मात्र चूल, शेत, कपडालत्ता आणि पोटापाण्याचा हिशेब आहे. मला स्वतःला त्यातला एक प्रश्न कायम खेचत आला आहे. घरच्या कणगीतलं धान्य खाणारा माणूस दुसऱ्याच्या मापातलं धान्य कधीपासून खायला लागला? खालची बरीच उत्तरं फिरून त्याच प्रश्नाशी येतात.

सुमेर नेमकं कुठे होतं, आणि आपण किती काळाबद्दल बोलतोय?

आजच्या इराकचा दक्षिण भाग, युफ्रेटिस आणि टायग्रिस नद्यांच्या मधला सपाट गाळाचा प्रदेश. एरिदू, उरुक, ऊर, निप्पूर, लगाश, गिर्सू, उम्मा ही तिथली महत्त्वाची ठिकाणं. काळ म्हणाल तर इ.स.पू. ५५००च्या आसपासच्या खेड्यांपासून इ.स.पू. २००४ मध्ये ऊर पडलं तोवर, म्हणजे साडेतीन हजार वर्षं. सातवाहनांपासून आजपर्यंतच्या काळाच्या दीडपटीहून जास्त. त्यामुळे ‘सुमेरी लोक असे राहायचे’ असं एका वाक्यात सांगणारा मजकूर वाचलात तर आधी विचारा, कोणत्या शतकातले?

अगदी सुरुवातीला लोक कसे राहत होते?

लहान खेड्यांत. या काळाला उबैद काळ म्हणतात. कच्च्या विटांची घरं, दलदलीच्या कडेला बोरूची घरं, थोडी शेती, मेंढ्या, गुरं आणि भरपूर मासे. त्या भूमीत दगड नाही, धातू नाही, चांगलं लाकूडही नाही. होती ती माती, म्हणून विळासुद्धा मातीचा! भट्टीत कडक भाजलेले मातीचे विळे या काळातल्या वस्त्यांमध्ये ढिगाने सापडतात. तुटला की टाकून द्यायचा आणि दुसरा घ्यायचा.

एरिदूचं सर्वांत जुनं देऊळ जेमतेम एका खोलीएवढं होतं. त्याच जागी पुन्हा पुन्हा, दर वेळी आधीपेक्षा मोठं देऊळ उभं राहिलं. त्या काळच्या थडग्यांत श्रीमंत-गरीब असा फारसा भेद दिसत नाही. पुढच्या सगळ्या बदलांकडे बघताना ही गोष्ट लक्षात ठेवा.

पाऊसच पडत नव्हता, तर शेती कशी करायचे?

पाटाच्या पाण्यावर. तिथे वर्षाला २०० मिलिमीटरपेक्षाही कमी पाऊस पडतो, तेवढ्यावर पीक येत नाही. त्यात नदीचं वेळापत्रक शेतकऱ्याच्या विरुद्ध. आपल्याकडे नदीला पूर येतो तेव्हा पेरण्या झालेल्या असतात आणि पाणी हवंच असतं. तिथे पेरणी शरद ऋतूत, तेव्हा नदी आटलेली. आणि वरच्या डोंगरांतलं बर्फ वितळून पूर येतो तो एप्रिल-मेच्या सुमारास, नेमकं शेतात पीक कापणीला उभं असताना. म्हणजे पेरताना पाणी ओढून आणायचं आणि कापताना तेच पाणी अडवायचं. बांध घालणं, पाटातला गाळ उपसणं, फाटे काढणं ही कामं एकट्यादुकट्याची नव्हेत. कुणाचं पाणी कधी, गाळ कुणी काढायचा, हे ठरवणारं कुणीतरी लागतंच. पुढे उम्मा आणि लगाश या शेजारच्या राज्यांत शेतजमीन आणि पाटांवरून पिढ्यानपिढ्या लढाया झाल्या.

पेरणीचं अवजार मात्र आपल्या शेतकऱ्याला लगेच ओळखू येईल. नांगराला वरून एक नळी जोडलेली, तिच्या तोंडाशी चाडं, आणि एक माणूस त्यात मूठमूठ बी सोडतोय. तिफणीचाच हा लांबचा भाऊ, फक्त एका दाताचा. सुमेरच्या उत्तरेकडच्या अक्कड राज्याच्या काळातल्या दंडगोल मुद्रांवर (ओल्या मातीवर फिरवून ठसा उमटवायचे शिक्के) हे चित्र कोरलेलं आहे. बापाने मुलाला शेती शिकवावी अशा थाटाची एक सुमेरी रचनाही आहे. बी सोडणाऱ्यावर नजर ठेव, दाणा सारखा दोन बोटं खोल पडू दे, असं ती सांगते. सुमारे ६ मीटरच्या पट्ट्यात नांगराची ८ तासं (सऱ्या) काढ, जास्त दाट काढलेस तर जव लोळेल, हेही त्यात आहे.

जमीन खारवट होऊन सुमेर बुडालं, हे खरं का?

जमीन खारवट होत होती, हे खरं. पाणी देत राहायचं आणि निचरा नाही, म्हणजे क्षार वर येणारच. सांगली-कोल्हापूरकडच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. गव्हापेक्षा जव खारवट जमिनीत तग धरतो आणि सुमेरमध्ये जवाचं प्रमाण वाढत गेलेलं दिसतं. पण ‘मिठाने संस्कृती संपवली’ हे १९५८ साली मांडलेल्या एका सिद्धान्ताचं सोपं केलेलं रूप आहे, आणि त्यावर नंतर बरीच टीका झाली. शेतकरी जमीन आलटून पालटून पड ठेवत होते, त्यांना क्षारांची जाण होती. माझ्या मते एकट्या मिठावर सगळा दोष टाकू नये.

शहरं आल्यावर सामान्य माणसाचं काय बदललं?

सगळ्यात मोठा बदल इथेच झाला.

इ.स.पू. ४००० ते ३१०० या काळात उरुक वाढत गेलं. इ.स.पू. ३१००च्या सुमारास ते अडीच चौरस किलोमीटरच्या आसपास पसरलं होतं आणि पुढच्या दोन-तीन शतकांत त्याच्या दुप्पट झालं. भोवती नऊ किलोमीटरहून लांब तटबंदी उभी राहिली. आत हजारो माणसं, आणि त्यांतली पुष्कळ स्वतः शेत न कसणारी: विणकर, कुंभार, सुतार, आचारी, कारकून.

आता एका वाडग्याकडे बघा. जाडाभरडा, हलक्या मातीचा, तिरक्या काठाचा. चाकावर फिरवलेला नाही, साच्यात माती दाबून केलेला. आत बोटांच्या खुणा तशाच. नक्षी नाही, रंग नाही. असे वाडगे उरुकच्या आणि त्याच्याशी संबंध असलेल्या वस्त्यांमध्ये हजारोंनी सापडतात, तेही वापरून फेकलेले. काही अभ्यासक त्यांना पाव भाजायचे साचे मानतात. पण बऱ्याच जणांचं मत असं, की कामावरच्या माणसांना शिधा त्यात मोजून दिला जात असे. मला हे दुसरं मत पटतं, त्याचं कारण लिपीत आहे. लिखाणाच्या सर्वांत जुन्या मातीच्या पाट्यांवर एक चिन्ह येतं, माणसाचं डोकं आणि त्याच्या तोंडाशी अगदी असाच वाडगा. त्याचा अर्थ ‘खाणे’, आणि हिशेबाच्या पाटीवर ‘शिधा’.

उबैद काळातल्या घरातली बाई आपल्या साठ्यातलं धान्य दळायची आणि घरात किती तोंडं आहेत ते बघून शिजवायची. उरुकच्या देवळासाठी काम करणाऱ्याच्या वाट्याला किती धान्य यायचं, ते मापाने ठरायचं. जगण्याची ही रीत मनुष्यजातीला नवीन होती. आपण आज महिन्याच्या पगारावर जगतो, म्हणून तिचं नवेपण आपल्याला जाणवत नाही एवढंच.

लिपीचा शोध कवितेसाठी लागला की धर्मासाठी?

दोन्हींसाठी नाही, हिशेबासाठी. इ.स.पू. ३३०० ते ३१०० दरम्यानच्या उरुकच्या पाट्यांपैकी बहुतेक सगळ्या धान्य, मेंढ्या, बिअर, कापड आणि माणसं यांच्या नोंदी आहेत. उरलेल्या पाट्या शब्दांच्या याद्या आहेत, शिकाऊ लेखनिकांनी गिरवण्यासाठी. त्यांतली हुद्द्यांची आणि व्यवसायांची यादी पुढची हजार वर्षं तशीच उतरवली जात राहिली. ओल्या मातीच्या पाटीवर बोरूचं टोक दाबून लिहायचं. त्या टोकाचा ठसा पाचरीसारखा उमटतो, म्हणून पुढे या लिपीला कीलाकार लिपी हे नाव मिळालं.

गुलाम बाईसाठीचं चिन्ह ‘बाई’ आणि ‘डोंगर’ ही दोन चिन्हं जोडून केलेलं आहे. डोंगराकडच्या मुलखातून धरून आणलेली, असा त्याचा अर्थ लावतात. ते पहिल्यांदा कळलं तेव्हा मी बराच वेळ ती पाटी बघत बसलो होतो.

ते खायचे काय?

जवाची भाकरी, जवाची पेज, जवाची बिअर. सोबत कांदा, लसूण, मसूर, खजूर, सुके मासे. जिरंही होतं, त्याला ते ‘गमुन’ म्हणत. मांस रोजचं नाही, सणावाराचं. इ.स.पू. २१व्या शतकातल्या उम्मामधल्या पाट्यांवर सरकारी निरोप्यांच्या रोजच्या शिध्याची यादी असते: बिअर, भाकरी, कांदे, थोडं तेल. बिअर काढून टाकली तर वाटेवरच्या मराठी माणसाची शिदोरीच ती.

भाकरी तंदुरात, उभ्या भिंतीला थापून भाजायची. ‘तंदूर’ हा शब्द फारसी-अरबीमार्गे अक्कडी भाषेतल्या ‘तिनूरु’पर्यंत मागे जातो.

बिअर घट्ट आणि गाळ असलेली, त्यामुळे मोठ्या घड्यात लांब नळ्या घालून दोघं-चौघं मिळून पीत. मुद्रांवर ही चित्रं पुष्कळ आहेत. पुढच्या काळात तिळाचं तेल आलं. तीळ मूळचे भारतीय उपखंडातले. ते उन्हाळी पीक, त्यामुळे हिवाळ्यात जव घेणाऱ्या शेतकऱ्याला एक जादा हंगाम मिळाला.

कपडे बदलले का?

हो. आधी जवसाच्या धाग्याचं कापड जास्त होतं. शहरांच्या काळात लोकरीने जोर धरला, कारण मेंढ्या पडीक जमिनीवर चरतात आणि जवसाची जमीन धान्याला मोकळी होते. जुन्या पुतळ्यांत पुरुष उघडे, कमरेला झुपक्या-झुपक्यांचं लोकरी वस्त्र. इ.स.पू. २१००च्या आसपासच्या, लगाशचा राजा गुदेआ याच्या पुतळ्यांवर मात्र उपरण्यासारखं अंगभर लपेटलेलं, एक खांदा उघडा ठेवणारं वस्त्र दिसतं.

घरं कशी होती?

कच्च्या विटांची, मध्ये चौक आणि भोवती खोल्या. वाड्याची सवय असलेल्याला परकी वाटणार नाहीत. फरक एवढा, की घरातल्या माणसांना पुष्कळदा घराच्याच जमिनीखाली पुरत. घरातला कचरा आणि राख समोरच्या गल्लीत पडायची, त्यामुळे गल्ली दर पिढीला वर चढायची आणि उंबरठा उचलून घ्यावा लागायचा. ऊरच्या उत्खननात तर रस्त्यावरून पायऱ्या उतरून घरात जावं लागे अशी घरं सापडली. ही घरं सुमेरच्या राजकीय अंतानंतरच्या दोन-अडीच शतकांतली आहेत, पण रचना जुनीच. दलदलीच्या भागात बोरूची घरं शेवटपर्यंत राहिली. पाच हजार वर्षांपूर्वीच्या मुद्रांवरची बोरूची कमानदार घरं आणि दक्षिण इराकमधल्या दलदलीत आजही बांधले जाणारे मुधिफ (बोरूची पाहुणघरं) शेजारी ठेवून पाहा.

सामान्य माणसाच्या तक्रारी कधी कुणी ऐकल्या का?

एकदा तरी त्या लिहून ठेवल्या गेल्या. इ.स.पू. २३५०च्या सुमारास लगाशच्या उरुकागिना या राजाने आपल्या सुधारणा कोरून ठेवल्या. त्यात आधी काय चालायचं तेही आहे. माणूस मेला आणि पुरायला नेला, की अंत्यसंस्कार करणारा घ्यायचा बिअरचे ७ घडे, ४२० भाकऱ्या, जव, एक लोकरी वस्त्र, एक बकरा आणि एक खाट. दुःखात असलेल्या घरावर हा बोजा! उरुकागिनाने तो ३ घडे, ८० भाकऱ्या, एक खाट आणि एक बकरा असा खाली आणला. हाताखालच्या माणसाकडे चांगलं गाढव जन्मलं आणि मुकादमाला ते हवं असलं, तर त्याने मनासारखी चांदी मोजावी, आणि धनी ‘नाही’ म्हणाला तर त्याला मारू नये, हेही त्यात आहे. असं लिहावं लागलं, यावरून आधी काय होत असेल ते कळतं.

याच मजकुरात आणि त्याच्या थोडं आधीच्या एन्मेतेना राजाच्या लेखात ‘अमार्गी’ हा शब्द येतो. कर्जातून, वेठीतून सुटका, असा त्याचा अर्थ. शब्दशः ‘आईकडे परतणं’. कर्जापायी दुसऱ्याच्या दारी राबणारं लेकरू घरी येतं, तीच मोकळीक. स्वातंत्र्यासाठी याहून जवळचा शब्द माझ्या वाचनात नाही.

उरुकागिनाची सत्ता काही वर्षांतच संपली. उम्माच्या लुगलझागेसीने लगाशवर हल्ला केला.

बायकांचं आयुष्य सुधारत गेलं की बिघडत गेलं?

कोणत्या बाईचं, यावर अवलंबून आहे. इ.स.पू. २४व्या शतकात गिर्सूमध्ये राणी बारानमतारा आणि तिच्यानंतर शाशा यांनी मोठी जहागीर चालवली: शेतं, कळप, विणकाम, मासेमारी. बारानमतारा अदाबच्या राणीशी भेटवस्तूंची देवाणघेवाण करत होती. अक्कडचा राजा सारगॉन याची मुलगी एन्हेदुआन्ना ऊरमध्ये चंद्रदेवाची प्रमुख पुजारीण होती आणि तिच्या नावावर स्तोत्रं आहेत.

दुसऱ्या टोकाला दळणाऱ्या आणि विणणाऱ्या हजारो बाया. ऊरच्या तिसऱ्या राजवंशाच्या काळात लगाश प्रांतातल्या विणकामशाळांत त्या मुलांसकट राबत होत्या. पुरुष मजुराचा महिन्याचा शिधा साधारण ६० सिला जव, बाईचा ३०, मुलांचा त्याहून कमी. एक सिला म्हणजे लिटरच्या जवळपास. याच राजवंशाचा राजा ऊर-नम्मू याच्या कायद्यात पहिल्या बायकोला सोडणाऱ्या नवऱ्याने तिला ६० शेकेल (शेकेल हे वजनाचं माप) चांदी द्यावी, विधवा असताना लग्न केलेली असेल तर ३०, असं कलम आहे. संरक्षण आहे, पण ते मोजूनमापून.

ऊरच्या तिसऱ्या राजवंशाचा इतका उल्लेख का होतो?

कारण इ.स.पू. २११२ ते २००४ या जेमतेम शतकभरातल्या एक लाखाच्या आसपास पाट्या आपल्यापर्यंत पोचल्या आहेत. वाडग्यापासून सुरू झालेली गोष्ट इथे टोकाला गेली. कारकून ३० दिवसांचा महिना धरून माणसांचे दिवस मोजत होते. किती दिवसांत किती पीठ दळलं जावं, किती माती उपसली जावी, याचे ठरीव आकडे होते. सुट्टीही आकड्यात: पुरुषांना दहातला एक दिवस, बायकांना सहातला एक.

मुकादमाच्या खात्यात वर्षभराचं अपेक्षित काम एकीकडे आणि झालेलं काम दुसरीकडे. कमी पडलं तर तूट पुढच्या वर्षावर. तूट वर्षानुवर्षं वाढत जायची, आणि मुकादम मेला तर वसुली त्याच्या घरादारावर यायची. वेठबिगारीची सावकारी खाती ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या पाट्या वाचायला जड जातात.

पैसा होता का?

नाणी नव्हती. वजनावर चांदी आणि मापावर जव. ३०० सिला जवाला १ शेकेल, म्हणजे सुमारे ८.३ ग्रॅम चांदी, हा ठरीव दर होता. कर्जावर व्याज चांदीला २० टक्के, जवाला ३३ टक्क्यांच्या आसपास. जव कर्जाने घेणारा बहुधा गरीब, म्हणजे महाग व्याज त्यालाच.

मुलं शाळेत जायची?

थोडी, आणि जवळपास सगळी मुलगे. शाळेला ‘एदुब्बा’ म्हणत. एका शाळकरी मुलाची सुमेरी कथा प्रसिद्ध आहे. आईकडून दोन भाकऱ्या घेऊन तो निघतो, उशीर होतो, मग दिवसभर जो तो त्याला छडी मारतो, अक्षरासाठीही आणि बोलण्यासाठीही. शेवटी वडील गुरुजींना घरी जेवायला बोलावतात, नवं वस्त्र आणि अंगठी देतात, आणि गुरुजी मुलाचं तोंडभर कौतुक करतात.

भारताशी काही संबंध होता का?

पक्का होता. सिंधू संस्कृतीच्या प्रदेशाला ते बहुधा ‘मेलुह्हा’ म्हणत. मेलुह्हा, मगान (आजचा ओमानकडचा भाग) आणि दिल्मुन (आजचा बहारीनकडचा भाग) इथली जहाजं आपल्या धक्क्याला लागतात, असं सारगॉन अभिमानाने सांगतो. अक्कडच्या काळातली एक मुद्रा ‘मेलुह्हाच्या भाषेचा दुभाषी’ शू-इलिशू याची आहे. ऊरच्या राजथडग्यांत सिंधू पद्धतीने पांढरी नक्षी उमटवलेले कार्नेलियन या लालसर दगडाचे मणी सापडले. सिंधू संस्कृतीतले कारागीर हा दगड गुजरातमधून मिळवत. लगाशच्या परिसरात तर ‘मेलुह्हाचं गाव’ होतं आणि तिथले लोक इतरांसारखाच जव भरत होते.

मग सुमेरी लोक गेले कुठे?

कुठेच नाही. इ.स.पू. २००४ मध्ये एलामच्या (आजच्या इराणचा नैर्ऋत्य भाग) फौजांनी ऊर लुटलं, राजा इब्बी-सिनला पकडून नेलं. आधीची काही वर्षं धान्याची टंचाई होती. राज्य गेलं तरी माणसं त्याच शेतांवर राहिली. घरात अक्कडी बोलली जाऊ लागली, तीही अचानक नव्हे, दोन्ही भाषा शतकानुशतकं शेजारी नांदतच होत्या. सुमेरी मात्र देवळात आणि शाळेत राहिली, आपल्याकडे संस्कृत राहिली तशी, जवळपास इसवी सनाच्या सुरुवातीपर्यंत.

हे सगळं आपल्याला पाहता येतं का?

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात असिरियन शिल्पपट आहेत, ते सुमेरनंतर हजारहून जास्त वर्षांनी घडवलेले. अस्सल सुमेरी पाट्या लंडन, पॅरिस, फिलाडेल्फिया, इस्तंबूल आणि बगदादच्या संग्रहालयांत आहेत. घरबसल्या पाहायच्या तर ‘क्युनिफॉर्म डिजिटल लायब्ररी इनिशिएटिव्ह’च्या संकेतस्थळावर लाखो पाट्यांच्या नोंदी आणि छायाचित्रं मोफत आहेत. उम्माची एखादी साधी शिध्याची पाटी उघडा आणि चित्र मोठं करून कडांकडे बघा. पाटी ओली असताना हातात धरणाऱ्याच्या बोटांचे ठसे तिथे कधीकधी अजून दिसतात.